सफरचंदाचा अर्ज

सफरचंद या फळाशी माझं वैर नाही. त्या बिचाऱ्यानं माझं काय घोडं मारलंय? पण कुणी दवाखान्यात भरती झालं की पिशवीत चार सफरचंदं टाकून भेटायला निघालेली माणसं दिसली, की माझं डोकं अजून तापतं. आपल्या मुलखात जे पिकतं ते फळच नव्हे, असं या लोकांना कुणी शिकवलं? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खरं आहे, पण ही म्हण सांगणारा माणूस टोपली घेऊन बाजारात बसलेला नसतो. माझी आई बसायची.

आमचं गाव आंबागडच्या किल्ल्याखालचं. सगळी धानाची शेती. फळझाडं म्हणजे ज्याच्या त्याच्या नशिबानं उगवलेली. अपवाद एकच, आमच्या घरामागची जामाची वाडी. जाम म्हणजे पुण्या-मुंबईकडचा पेरू. आईनं माहेराहून, आसगावहून, ओल्या पोत्यात गुंडाळून दोन कलमं आणली होती आणि त्यांची तेरा झाडं केली होती. पावसाळ्यात खालची फांदी वाकवायची, सालीला हलकी चीर द्यायची, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवायचा. दोन महिन्यांत मुळं फुटली की फांदी तोडून दुसरीकडे लावायची. वरच्या फांद्यांना ती दगड टांगायची. फांदी खाली आली की जास्त धरते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती पाहून पाहून शिकली होती. जाम तोडायची ती देठापाशी दोन पानं ठेवून, म्हणजे ताजेपणा लपत नाही. आतून गुलाबी फळ. तुमसरच्या बाजारात तिला सगळे जामवाली बाई म्हणूनच ओळखत.

त्याच बाजारात सत्तरच्या दशकात सफरचंदं यायला लागली. आमच्याकडं त्याला सेप म्हणतात. खोक्यातून, पेंढ्यातून, जांभळ्या कागदात गुंडाळलेली. दुकानदार ती फळीवर उंच मांडायचा आणि धुडक्यानं पुसायचा. आईची टोपली खाली, मातीत. गिऱ्हाईक तिचा एकेक जाम दाबून बघायचं, नाक मुरडायचं, "खोकला होते जी यानं," म्हणायचं आणि उंचावरचं सफरचंद हात न लावता घेऊन जायचं. आई म्हणायची, "त्याले कागदात गुंडाळलं म्हणून तो सेप झाला. माह्या जामाले कागद नाई ना!" ती हसून म्हणायची. मला हसू यायचं नाही.

मग एका पौषात गावात जीप आली. जीपमधून एक सरकारी साहेब उतरले. शाळेच्या ओसरीत सभा भरली. पुरुष सतरंजीवर, बाया मागे भिंतीला धरून. साहेबांनी सफरचंद आणि नाशपातीच्या लागवडीवर भाषण ठोकलं. अडचणी त्यांना सगळ्या ठाऊक होत्या, एकेक बोट मोडून सांगितल्या. ऊन, पाण्याची सोय, माल टिकवणं, बाजारपेठ. पण पुढं संधी किती मोठी! नवीन जातीची कलमं निघाली आहेत, ती उष्ण भागातही येतात, आणि थोड्याच वर्षांत तुमसर रोडच्या स्टेशनावरून भंडाऱ्याची सफरचंदं नागपूरला चढतील. मग त्यांनी पिशवीतून एक सफरचंद काढलं, चाकूनं त्याच्या पातळ चकत्या केल्या आणि पुरुषांत वाटल्या. प्रसादही याहून मोठा मिळतो. बायांपर्यंत काही आलं नाही.

आईनं मागून विचारलं, "साहेब, चैतात आमच्या इथं आंब्याचे पानं करपतेत. या झाडाले थंडी कुठून आणान?"

अख्ख्या सभेत कामाचा प्रश्न तो एकच होता. साहेब बाबांकडे बघून हसले. "तुमच्या मंडळी चौकस आहेत बुवा," म्हणाले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. बाबाही हसले. मला तेव्हा त्या हसण्याचा राग आला होता, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण पुढं मी जे केलं त्यात तो राग कुठं दिसत नाही.

योजनेसाठी गावातून एक जागा हवी होती, घराजवळची, विहीर असलेली. अशी जागा आमचीच होती. बाबा माणूस वाईट नव्हते, पण कुठलीही नवी गोष्ट गावात आली की ती पहिल्यांदा आपल्या दारात यावी, ही त्यांना हौस. दुसऱ्या दिवशी साहेब आमच्या ओसरीत खाटेवर बसले. बाबांना सहीपुरतं लिहिता यायचं. मी तेव्हा भंडाऱ्याला राहून मास्तरकीचं शिक्षण घेत होते, संक्रांतीला घरी आले होते. अक्षर मोत्यासारखं, म्हणून अर्ज भरायला मला बसवलं. आई आत चहा ठेवत होती. त्याआधी तिनं साहेबांपुढं एक ताटली आणून ठेवली होती. चिरलेले जाम, वर मीठ आणि तिखट.

अर्जात एक प्रश्न होता. जागेत जुनी फळझाडे आहेत काय? मी थांबले.

"नाहीत, लिहा," साहेब म्हणाले. "मोकळी जागा असल्याशिवाय वर मंजूर होत नाही. तोवर काढून घ्याल ना?"

"हो ना साहेब, काढून टाकू," बाबा म्हणाले.

मी लिहिलं, नाहीत. त्याखालचा प्रश्न होता, कुटुंबात फळबागेचा पूर्वानुभव कुणाला आहे काय? साहेबांनी ताटलीतला जाम उचलला, मीठ झटकलं आणि म्हणाले, "इथंही नाही टाका. नवख्यांना आधी देतात." मी लिहिलं, नाही. समोरचा माणूस माझ्या आईचा जाम खाऊन राहिला होता, बिया दातांखाली कडकड वाजत होत्या, आणि मी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, नाही. आई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा शाई वाळली होती.

झाडं कापायची म्हटल्यावर ती चवताळली. दोन दिवस चूल पेटवली नाही. मग समजुतीनं घेतलं. "कापाच लागते तं कापा. पण पावसापर्यंत थांबा जी. मी फांद्या दाबतो, मुळं फुटले का मंग कापा. तेराचे तेरा दुसरीकडं लावतो."

"साहेब होळीच्या आधी पाहनी करतेत," बाबा म्हणाले. "कागदावर नाहीत लिवलं हाये. जीप आली अन् झाडं उभेच दिसले तं माहं काय राहीन?"

म्हणजे झाडं खरी नव्हती, कागद खरा होता! आधी कागदावर खोटं लिहायचं आणि मग ते खोटं पडू नये म्हणून कुऱ्हाड उचलायची. होळीला आठ दिवस असताना तेराही झाडं पाडली. जामाचं लाकूड चिवट, म्हणून शेजारीपाजारी फांद्या मागून घेऊन गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं गावातल्या निम्म्या कुदळींना माझ्या आईच्या जामाचे दांडे होते. पाहणीची जीप होळीच्या आधी आली नाही. नंतरही आली नाही.

कलमं आली ती वरातीमागून घोडं यावं तशी, ऐन श्रावणात. ही झाडं थंडीत, पानं नसताना लावतात, हे मी पुढं वाचलं. तीस काड्या, पंचवीस सफरचंदाच्या, पाच नाशपातीच्या. त्या दिवशी आमच्या शेतात धानाचं रोवणं चाललं होतं. बाबांनी रोवणाऱ्या बायांनाच बोलावून रोवण्याच्या ओळीसारख्या त्या काड्याही लावून घेतल्या. आणि मग धान पिकवणाऱ्या माणसाशिवाय दुसरं कुणी करणार नाही ते केलं. वाडीच्या चारही बाजूंनी पार, म्हणजे मातीचा बांध, घातली आणि धानाच्या बांधीत ठेवतात तसं आत पाणी कोंडून ठेवलं. पाण्यात उभं राहिलं की पीक जोमानं येतं, ही त्यांची बापजाद्यांपासूनची अक्कल. धानाला ती लागूही पडते.

"पार फोडा जी," आई म्हणायची. "हे धान नोहे, झाड हाये. मुळं सडतेत."

"तुले काय समजते? साहेबानं पाणी कमी पडू देऊ नका म्हणलं."

आई पहाटे उठून कुदळीनं पार फोडायची. उजाडलं की बाबा परत बांधायचे. असं भादवाभर चाललं. साहेबांचं म्हणणं ऐकायला बाबांना दोन कान होते, घरातलं ऐकायला एकही नाही. दसऱ्याला अठ्ठावीस काड्या काळ्या पडल्या होत्या. कोपऱ्यात आईनं भर घालून उंचवटा केला होता, तिथल्या दोन नाशपाती तेवढ्या तगल्या. पुढं कितीतरी वर्षांनी त्यातल्या एकीला तीन फळं लागली, गारगोटीसारखी. बाबांनी ती आठ दिवस देवळीत ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. नवव्या दिवशी आईनं ती चिंचेऐवजी वरणात घातली.

मधल्या वर्षांत आई किल्ल्याच्या उतारावरून सीताफळं वेचून आणायची आणि बाजारात बसायची. सीताफळाचे दिवस संपले की नुसती भाजी. लोक तिच्यापुढं उभे राहून तिलाच विचारायचे, "इथं एक जामवाली बाई बसे, ते कुठं गेली?" ती म्हणायची, "मेली."

ऐंशीचं दशक अर्धं उलटलं तेव्हा मी शाळेवर मास्तरीण झाले होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते, तर दारात जीप. साहेब दुसरे, जीपही नवी. ओसरीत खाट तीच. हे साहेब म्हणाले, या भागाच्या मातीला जाम आणि सीताफळ यांच्याइतकं चांगलं काही नाही, पुढचा काळ त्यांचाच आहे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. माणसाला लाज कशी वाटत नाही, असं मनात आलं, पण हे साहेब ते नव्हते, आणि ते साहेब आता कुठं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सरकारात चुकीला बदली मिळते.

अर्ज परत माझ्याच हातात आला. कागद तसाच, प्रश्न जवळपास तेच. पूर्वानुभवाच्या चौकटीत मी आईबद्दल लिहायला सुरुवात केली. तेरा झाडं, दाबाची कलमं, फांदीला बांधायचे दगड, सगळं. चौकट संपली तरी समासात लिहीत गेले. या वेळी आई चहा देऊन आत गेली नाही. माझ्याजवळ खाली बसली आणि म्हणाली, "वाचून दाखव."

मी वाचलं. तिचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, फिटलं एकदाचं. साहेबांनीही मान डोलावली.

"मंग मांगच्या कागदात हे काहून नव्हतं?" तिनं विचारलं. "तवा हा सवाल नव्हता का?"

बाबांनी अडकित्ता उचलला आणि सुपारी कातरायला लागले. मी म्हटलं, होता. तिनं विचारलं, मग काय लिहिलं होतं? मी सांगितलं. कुणी लिहिलं, हे तिनं विचारलं नाही, कारण अर्ज लिहायला तेव्हा ओसरीत कोण बसलं होतं हे तिनं चहा देताना पाहिलं होतं. इतकी वर्षं ती त्या साहेबाला शिव्या देत आली होती, बाबांना बोलत आली होती. माझ्या वाट्याला कधी एक शब्द आला नव्हता. उलट भंडाऱ्याच्या खोलीवर पोरीला आता जाम पाठवता येत नाहीत, याचीच तिला हळहळ.

ती उठली. रिकामे कप गोळा केले. दारात थांबून म्हणाली, "त्या साहेबाले मालूम नव्हतं. तुह्या बापाले कदर नव्हती. पण तुले तं मालूम होतं ना वो बाई."