ओटीपी गेटवर, पेशंट टेबलावर

क्लिनिकवाल्यांनो, तुमच्याकडेपण हा घोळ झालाय का?

मी डोंबिवलीत एका हाडांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. कामगार विम्याच्या पोर्टलवर आजपासून नवीन नियम आलाय. जखमी कामगाराच्या मोबाईलवर ओटीपी येणार आणि तो टाकल्याशिवाय कामगार दवाखान्यात आल्याची नोंदच होणार नाही.

दुपारी एमआयडीसीतल्या कंपनीतून सावंतकाकांना आणलं. तळहात चांगलाच कापलेला. डॉक्टरांनी थेट आत घेतलं. मी मागोमाग गेले, "काका, मोबाईल?"

"तो कंपनीच्या गेटवर जमा असतो गं. आत न्यायला देतात कुठे?"

शेवटी मी काकांच्याच नंबरवर फोन लावला. वॉचमनने उचलला. सगळं समजावलं आणि म्हटलं, "फक्त मेसेज वाचून दाखवा हो."

"ओटीपी कोणालाच सांगायचा नसतो, मॅडम," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

बरोबरच आहे ना त्याचं!

संध्याकाळी काका हाताला पट्टी बांधून घरी गेले. पोर्टल मात्र अजून म्हणतंय, पेशंट आलेलाच नाही.

मग आज आम्ही टाके घातले ते कोणाला?