ळचा ल

आई लखनऊला माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिला हिंदी शिकवायची घाई मलाच झाली होती. ती कराडकडची, सारा जन्म मराठीत काढलेला. आणि आम्ही आलमबागेत, तिसऱ्या मजल्यावर, जिथे आजूबाजूला मराठीचा म सुद्धा नाही. नवरा आणि मी दिवसभर बँकेत. लेक कॉलेजात, तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. म्हटलं, आईला निदान भाजीवाल्या भैयाशी तरी बोलता यावं. मग मी तिला सोपी युक्ती सांगितली. "आई, हिंदीत ळ नाही. ळ आला की ल म्हणायचं. फळ ते फल, केळं ते केला, काळा ते काला." आईने ती घोकली, आणि महिन्याभरात गल्लीतल्या प्रत्येकाशी ती बिनधास्त बोलायला लागली. मी बँकेत सगळ्यांना कौतुकाने सांगायचे.

दोन वर्षं बरी गेली. मग एका जूनमध्ये ती जिना चढताना मध्येच थांबायला लागली. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, "अगं, ऊन काय कमी आहे का तुमच्या गावाला?" मी म्हटलं, खालच्या डॉक्टरांना दाखवून ये. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका वयस्कर डॉक्टरांचा दवाखाना आहे. शुगर, बीपी, ताप, गुडघे, सगळी गल्ली त्यांच्याकडेच जाते. माणूस सज्जन, अदबीने बोलणारा. त्या आठवड्यात बँकेत निम्मी माणसं रजेवर होती, त्यामुळे मला सुट्टी मिळाली नाही असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे मी मागितलीच नव्हती. आई एकटी गेली.

संध्याकाळी चहा घेताना तिने सगळा प्रसंग नकलेसकट करून दाखवला.

डॉक्टर म्हणाले, "क्या तकलीफ़ है, अम्माजी?"

आई म्हणाली, "सीढ़ी चढ़ते कल आती है."

"कल आई थी? कौन आई थी?"

"आज भी कल आई ना, डॉक्टरसाहब!"

डॉक्टर हसले. म्हणाले, "अम्माजी, आज आज है, कल कल है. दर्द होता है क्या?"

आता आमची आई म्हणजे शब्दाला पक्की. दुखणं वेगळं आणि कळ वेगळी. गुडघे दुखतात, कळ येते आणि जाते. तिने ठणकावून सांगितलं, "दर्द नहीं. दर्द घुटने में. यहाँ कल." आणि यहाँ म्हणून हात ठेवला तो पोटाच्या वर, कारण परक्या पुरुषासमोर छातीला हात लावायचा कसा? घाम येतो का, विचारलं तर म्हणाली, "जून है, पसीना किसको नहीं?" डॉक्टरांनी बीपी पाहिलं, पोट दाबून पाहिलं, गॅसच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बरं नाही वाटलं तर परत या म्हणाले.

"मेल्याला साधं हिंदी येत नाही," आई म्हणाली.

आम्ही हसून हसून बेजार झालो. लेक तर सोफ्यावर लोळत होती, "नानी, आज भी कल आई!" दुसऱ्या दिवशी मी तोच किस्सा बँकेत सांगितला, तिथेही खूप हसले. पुढचे चार दिवस घरात कुणी काहीही विचारलं की उत्तर एकच, कल आई. आईसुद्धा हसायची.

डॉक्टरांना कळ म्हणजे काय हे माहीत नव्हतं. मला होतं ना! माझ्या आईने माझ्यासमोर बसून सांगितलं की जिना चढताना मला कळ येते, आणि मी त्यातला फक्त विनोद ऐकला. कुठे येते गं, किती वेळ राहते, हातात जाते का, एक प्रश्न विचारला नाही. थू माझ्या शिक्षणावर!

पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, आई मलिहाबादचे दशहरी आंबे घ्यायला खाली उतरली. पाच किलोची पिशवी घेऊन वर आली ती दारातच बसली. चेहरा राखेसारखा, ब्लाउज घामाने चिंब, डावा हात उजव्या हाताने धरलेला. "कळ थांबत नाही गं," म्हणाली. नवऱ्याने आणि शेजाऱ्याने तिला खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं.

गल्लीतल्या त्याच डॉक्टरांनी ईसीजी काढला. मग आईला एक गोळी चावायला दिली, कम्पाउंडरला ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांगितलं. मी त्यांच्यावर ओरडले. मराठीत, हिंदीत, तोंडाला येईल ते. पाच दिवसांपूर्वी ती तुमच्याकडे आली होती, तुम्ही गॅसची गोळी देता? तिला कळ येत होती, कळ!

त्यांनी हळूच विचारलं, "बेटी, ये कल आपके यहाँ होता क्या है?"

मी सांगितलं. ते स्टुलावर बसले. "तो उन्होंने ठीक ही बताया था," म्हणाले. तो ल त्यांचा नव्हता, माझा होता. पण ते मी बोलले नाही, आजपर्यंत कुणाला बोलले नाही.

मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं, हृदयाचं बरंच नुकसान झालंय, चार-पाच दिवस आधी आणलं असतं तर वेगळं असतं. दोन दिवस मी आयसीयूच्या बाहेर खुर्चीवर होते. कुठल्या देवाला काय बोलले ते मलाच आठवत नाही. दे रे बाबा, एवढी आई परत दे, मी हिला उभ्या जन्मात हसणार नाही, असं काहीतरी. आत सोडत ते पाच मिनिटं. तेवढ्यात मी तिचे पाय चोळायचे. ते गारच असायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने नीट डोळे उघडले. नर्सने कागद घेऊन विचारलं, "अम्मा, दर्द है?"

आईने ओठ ओले केले. नियमाप्रमाणे, ळचा ल करून, अगदी स्वच्छ म्हणाली, "नहीं बेटा. अब कल नहीं है."

नर्सचा हात थांबला. "ऐसे नहीं बोलते, अम्मा."

मी धावत पुढे झाले. "नहीं नहीं, सिस्टर, कल मतलब हमारी भाषा में दर्द. दर्द नहीं है, कह रही हैं. लिख लीजिए." वरातीमागून घोडं! नर्सने मान हलवली आणि लिहिलं.

आईने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर भाजीवाल्याला भाव पाडायला लावल्यावर यायचं तसं समाधान होतं.

"बघ," म्हणाली, "हिला बरोबर कळलं."

त्याच दुपारी ती गेली.