उघड्या दाराचा दिवा

काल भाड्याच्या गाडीत बसले आणि डॅशबोर्डवर उघड्या दाराचं लाल चित्र लागलं. मी आधी मागे वळून दारं नीट लागली आहेत का ते पाहिलं.

मी नऊ वर्षांची होते. बाबांना सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, त्यांनी जुनी गाडी घेतली. थंडीतल्या एका सकाळी आम्ही मांजरी गावी आत्याकडे निघालो होतो. दोन्ही बाजूंना ऊस, आणि धुकं इतकं की रस्ताच दिसेना. मागे माझ्याशेजारी तीन वर्षांचा भाऊ दाराला टेकून झोपला होता. कंटाळून मी त्याच्यापलीकडची कडी हळूच ओढली. खट्ट झालं आणि बाबांसमोर ते चित्र उजळलं.

“अहो, दार लागलं नाहीये का?” आईने विचारलं.

“वायर सैल असेल. जुनी गाडी आहे.”

बाबांच्या हनुवटीवर तांबूस उजेड पडला होता. मला सांगायचं होतं, पण मी खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघत बसले. बराच वेळ आम्ही तसेच जात राहिलो. शेवटी आईने गाडी थांबवायला लावली. खाली उतरून तिने दार उघडलं, तर भाऊ झोपेतच तिच्या अंगावर कलंडला.

“कडीला हात कोणी लावला?”

“मी नाही,” मी म्हणाले.

आई अजून ही गोष्ट सांगते, त्या जुन्या गाडीला नावं ठेवते. भाऊ हसतो. मीही हसते.