शांतम्माने ढकलत आणलेले उमाशंकर

शांतम्माचं माहेर उदगीरचं. घरात कन्नड, गल्लीत दखनी आणि लातूरच्या सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागल्यावर मराठी. रागावली की तिन्ही भाषा एकदम बाहेर पडत. बाळंतिणींच्या वॉर्डात तिची एकवीस वर्षं गेली होती.

वॉर्ड व्हरांड्याच्या एका टोकाला, आणि अपुऱ्या दिवसांची बाळं दुसऱ्या टोकाला, काचेच्या पेटीत. सिझर झालेल्या बाईला डॉक्टरीणबाई दुसऱ्याच दिवशी लिहून देत की खुर्चीत बसून बाळाकडे जायला हरकत नाही. पण चाकांच्या दोन खुर्च्या अपघात विभागात अडकलेल्या आणि तिसरी 'स्टोअरला आहे' असं सगळे नुसतंच ऐकून होते. मग बाया चौथ्या दिवशी भिंत धरधरून जायच्या.

रेणापूरहून आलेली राजकन्या नावाची बाळंतीणही अशीच खुर्चीवाचून अडकली. मुलगा सव्वा किलोचा, पेटीत. घरचे काचेतून बघून यायचे आणि तिला सांगायचे.

"तुझ्यावर गेलंय," नवरा सुदाम म्हणाला.

"माझ्यावर गेलंय. कपाळ बघा की," सासरे भुजंगराव म्हणाले.

"टोपी होती भुवयांपर्यंत," सासू कावेरीबाई म्हणाल्या. "कपाळ कुठं दिसलं तुमाला?"

शेवटी सुदामनं मोबाईलवर फोटो काढून आणला. काचेत त्याचंच तोंड उमटलं होतं. राजकन्येनं तो बराच वेळ बघितला.

"ह्येला मिशा हायत," ती म्हणाली आणि रडायला लागली.

शांतम्मानं हातातला पोछा बादलीत टाकला आणि तडक स्टोअर गाठलं.

खुर्ची तिथं होती. तिच्यात स्टोअरकीपर उमाशंकर बसले होते. त्यांच्या लाकडी खुर्चीचा पाय मोडून आठ महिने झाले होते आणि नवीन खुर्चीचा अर्ज अजून वर होता.

"एळ्री, उठा. बाळंतिणीला न्यायचंय."

"ही खुर्ची माझ्या ताब्यात आहे," उमाशंकर शांतपणे म्हणाले. "ताबा सोडला आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"मग सोडू नका. बसूनच ऱ्हावा."

तिनं ब्रेक काढला आणि त्यांच्यासकट खुर्ची ढकलली.

व्हरांड्यातली माणसं बाजूला होत गेली. एका म्हाताऱ्यानं हळहळून विचारलं, "काय झालंय ह्यांना?"

"उठता येईना," शांतम्मा म्हणाली. ते खरंच होतं.

उमाशंकरांनी तोंडापुढं फाईल धरली. तेवढ्यात एका शिकाऊ डॉक्टरनं त्यांना थांबवलं, दंडाला पट्टा बांधला, बीपी जास्त निघालं म्हणून मीठ कमी करायला सांगितलं आणि पुढं गेला.

वॉर्डात खुर्ची शिरली तशा तीसेक बाया एकदम बघायला लागल्या.

"ही कोणाकडची बाळंतीण म्हणायची?" कावेरीबाईंनी विचारलं.

उमाशंकर आपणहून उठले.

सिस्टरनं डॉक्टरीणबाईंचा कागद पुन्हा वाचला, राजकन्येला हळूच बसवलं आणि पोटाशी उशी दिली. ताबा सोडायचा नाही म्हणून उमाशंकरांनी खुर्चीचा एक दांडा धरून ठेवला. दुसरा शांतम्मानं धरला. दोघांनी मिळून राजकन्येला व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं.

तिथं तिनं बांगड्या काढल्या, कोपरापर्यंत हात धुतले. तिथल्या सिस्टरनं पेटीचं छोटं दार उघडलं. राजकन्येनं बोट आत घातलं, बाळाच्या तळव्याला लावलं आणि त्यानं ते धरलं. ती कितीतरी वेळ वाकून बघत राहिली.

"ह्यो कोणावरच गेला न्हाई," ती म्हणाली. "निराळाच हाय."

संध्याकाळी तिला दूध उतरलं. पाच आठवड्यांनी पोरगं रेणापूरला गेलं तेव्हा दोन किलोला टेकलं होतं.

खुर्ची मात्र वॉर्डातच राहिली, कारण मोठ्या सिस्टरनं ती परत नेऊ दिली नाही. ताबा बघायला म्हणून उमाशंकर रोज अकराला यायचे. आलेच आहेत तर म्हणून शांतम्मा त्यांना एका बाईला नेऊन आणायला लावायची. आता ते न सांगताच, "आज कोण कोण?" असं विचारत येतात.

पुढच्या जूनमध्ये शांतम्माची नोकरी संपेल. नव्या आयांना ती एवढंच शिकवते आहे, की सकाळी आल्याबरोबर प्रत्येक बाळंतिणीला विचारायचं, "लेकरू बघितलं का?" आणि ती न्हाई म्हणाली तर हातातलं काम तिथंच ठेवायचं.