एका वेळी एक दार

आमच्या कारखान्यातला कॅटॅलिस्टवाला म्हणजे डोक्याला ताप. मी रिअ‍ॅक्टरवर, तो शेजारच्या खोलीत. त्याचं काम पावडरीसारख्या बारीक दाण्यांवर टायटॅनियम बसवायचं. त्या दाण्यांवर मग पॉलिथिनच्या लांबच लांब साखळ्या वाढतात आणि इतकं चिवट प्लास्टिक होतं, की कृत्रिम गुडघ्यात त्याची गादी बसवतात. पण दाण्याला हवेतला ओलावा लागला की सगळं मातीमोल. म्हणून तो बंद काचपेटीत, पेटीलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून काम करायचा. वस्तू आत न्यायला दोन दारांचा छोटा कप्पा. बाहेरचं दार लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही.

हा गडी घरीही तसाच. व्हरांड्याच्या दाराला कडी घातल्याशिवाय खोलीचं दार उघडायचा नाही. त्याची मोठी बहीण वैतागायची, "अरे, मी काय पावडर आहे का?"

ताई त्याच्याकडे आली ती गुडघ्यापायी. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना चढवेना. बायको गेल्यापासून ह्याच्या घरात बोलायला कोणी नव्हतं. ताई आल्यावर डबा खाताना रोज एकच विषय, आज ताई काय म्हणाली. आम्हाला अगदी वीट यायचा.

डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितला. ताई घाबरली, नकोच म्हणाली.

मी त्याला म्हटलं, "नको म्हणते तर सोड की. बरी झाली तर जाईल आपल्या घरी, मग बस भिंतीकडे बघत."

"ते मला कळत नाही होय?" एवढंच तो बोलला.

मग हात धुऊन तिच्या मागे लागला. आमच्याकडे होतं तसल्याच प्लास्टिकची गादी असते, लवकर झिजत नाही, हे तिला इतकं ऐकवलं की ती कंटाळून तयार झाली. गुडघा झकास बसला. जिना चढायचा सराव ह्यानेच हात धरून करून घेतला. मला तर त्याचा असा राग यायचा!

ताई निघाली त्या दिवशी मी सामान उचलायला गेलो होतो. ती कोणाचा हात न धरता पायऱ्या उतरली.

"येते रे. जेवत जा वेळेवर."

"जपून जा, ताई."

गाडी वळली. मी चपला घातल्या तरी तो व्हरांड्यातच उभा. पुढचं दार सताड उघडं, मागे खोलीचंही उघडं. रस्त्यावरची धूळ सरळ आत चालली होती.

"दार लावू का?" मी विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला. "आता आत खराब होण्यासारखं काही नाही."