पेरलेली वाट

मंगळवेढ्याकडच्या आमच्या शेतात मी दोन खोल्या बांधल्या आणि माळरानावर चालायला येणाऱ्यांना त्या भाड्याने द्यायचं ठरवलं. धाकट्या दिराने चारचौघांत विचारलं, "वहिनी, चालायला पैशे लागत्यात व्हय? मग आमाला आजवर कुणी का दिलं न्हाईत?"

"चालणं फुकटच आहे भाऊजी. पैसे खोलीचे."

थंडीत पाहुणे आले. पाठीवर पिशवी, गळ्यात दुर्बीण. ते रस्त्यावर दिसले की गावातल्या मोटारसायकली थांबायच्या. "एस्टी चुकली जणू? बसा की मागं." दोघे तर भिडेपोटी बसले आणि निघाल्यापासून दहा मिनिटांत परत माझ्याच दारात उतरले. तेव्हापासून प्रत्येकाला आधीच बजावते, की हसून नको म्हणा, पण बसू नका.

माझ्याकडे दाखवण्यासारखी गोष्ट एकच. घरामागून माळावरच्या तळ्याकडे जाणारी पायवाट. थंडीत तळ्यावर पक्षी उतरतात. वाट दिराच्या शेतातून जाते, पण वहिवाट सासऱ्यांच्या वेळेपासूनची. वाटणीत जमीन त्याच्याकडे गेली, वाट दोघांची राहिली. हे सगळं तोंडी. ती वाट नसेल, तर डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टरमागे धूळ खायला माझ्याकडे कोण येणार होतं?

दुसऱ्या वर्षी, पेरणीच्या दिवसांत, सकाळी मागचं दार उघडलं तर वाट नव्हती. या बांधापासून त्या बांधापर्यंत नांगरून ज्वारी पेरलेली.

"भाऊजी, वाट कुठं गेली?"

"कुटली वाट? शेत हाय ते."

"मामंजी जिच्यावरून तळ्याला जायचे ती."

"आबा गेलं, वाटबी गेली."

शेजारी म्हणाले, तलाठ्याकडे जा. कागदावर नसलेली वाट तलाठी कुठून शोधणार? मला दोन पाय होते. त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ मी त्याच रेषेवरून तळ्यापर्यंत गेले आणि परत आले. वाट जेवढी रुंद होती तेवढ्यातच चालले, तिच्याबाहेरचा एक कोंब तुडवला नाही. ओली काळी माती चपलांना चिकटून पाय उचलेनात, म्हणून चपला हातात घेतल्या.

दीर बांधावर उभा राहून बघायचा. "वहिनी, डॉक्टरनं चालायला सांगितलंय काय?"

"नाही. माझं मीच सांगितलंय."

थंडीपर्यंत ज्वारी डोक्याच्या वर गेली. माझ्या पायांखालच्या पट्ट्यात मात्र काहीच आलं नाही. दोन्हीकडे हिरव्या भिंती आणि मधून वाट. आधी ती एवढी देखणी कधीच नव्हती.

त्या हंगामातल्या पहिल्या पाहुण्यांना घेऊन निघाले, तर वाटेच्या तोंडाशी दीर उभा. पाहुणे थबकले. मी चालत राहिले. अगदी जवळ गेल्यावर तो बाजूला सरकला.

"पिशव्या पोटावर घ्या म्हणावं," तो पाहुण्यांकडे न बघता म्हणाला. "पाठीवरच्या पिशवीनं ताटं मोडत्यात. अन् कणसाला हात लावू नका."

"सांगते. पुढच्या वर्षी एवढा पट्टा पेरू नका भाऊजी, बियाणं वाचेल."

"बघू की."

'बघू की' म्हणजे हो नव्हे. त्यामुळे माझ्या दोन फेऱ्या अजून चालूच आहेत.