तिनं चेंडू हातात घेतला नाही

नगरच्या एका कॉलेजात मी मुलींना बास्केटबॉल शिकवला. सगळी नोकरी त्यातच गेली. मुली विद्यापीठाच्या स्पर्धा जिंकत राहिल्या आणि प्राचार्यांच्या केबिनमधलं कपाट चषकांनी भरून गेलं. लोक त्याचंच कौतुक करतात. मला मात्र आठवते ती शेवगावकडची एक मुलगी.

कॉलेजात येईपर्यंत तिनं हा खेळ फक्त टीव्हीवर पाहिलेला. पण उडी अशी, की रिंगला लागून परत आलेला चेंडू ती दुसऱ्या कुणाच्या हाती लागू द्यायची नाही. तिसऱ्या वर्षी ती कर्णधार झाली. हातातून गेलेला अंतिम सामना तिनं ओढून आणला. परतताना एसटीत बाकीच्या गाणी म्हणत होत्या आणि ती माझ्याशेजारी येऊन बसलेली. मधेच म्हणाली, "मॅडम, परीक्षा झाल्यावर आमी कुठं खेळायचं?"

पोलिसात लागलेल्या एक-दोघी सोडल्या, तर माझ्या मुलींचा खेळ कॉलेजबरोबर संपायचा.

मी प्राचार्यांना भेटले. रविवारी सकाळी माजी विद्यार्थिनींना मैदान मिळावं, म्हटलं. ते लगेच हो म्हणाले. सुरुवातीला बऱ्याच जणी आल्या. मग कुणाकडे पाहुणे, कुणाच्या सासूबाईंना पटेना, कुणाला बस मिळेना. दिवाळीपर्यंत मी एकटीच फाटक उघडून बसायला लागले. ती तर एकदाही आली नाही. तोवर लग्न होऊन ती राहुरीला गेली होती.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी जुन्या मुलींनी सामना ठेवला. ओढण्या कमरेला बांधून सगळ्या मैदानात उतरल्या. तीही आली होती, पण मांडीवर झोपलेली लेक घेऊन पायरीवरच बसून राहिली.

मी चेंडू घेऊन तिच्याकडे गेले. "दे तिला माझ्याकडे. पाच मिनिटं खेळ."

"नको मॅडम."

"अगं, पडशील म्हणून घाबरतेस का?"

"पडायचं भ्या न्हाई. पन हातात घेतला की घरी गेल्यावर लई याद येती. आत्ता कुठं सवय मोडलीया."

मी आग्रह केला नाही. शिट्टी वाजवली. मुली धापा टाकत, हसत, एकमेकींवर आदळत खेळल्या. एकदा मात्र पायरीवरून तिचा आवाज आला, "डावीकडं दे! डावीकडं मोकळी हाय ती!" चेंडू उजवीकडे गेला आणि वाया गेला. मी वळून पाहिलं, तर ती खाली मान घालून लेकीचं टोपडं नीट करत होती.

चहा झाल्याबरोबर ती बस गाठायला निघाली.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "कसा झाला कार्यक्रम?"

भाषणं छान झाली, एवढंच मी सांगितलं.